आठ सेकंदांचा उशीर

१

व्हर्ना टॉलफसनच्या स्वयंपाकघरातला रेडिओ अकरा दिवस मुका होता, आणि ही गोष्ट तिनं मला बाराव्या दिवशी सांगितली. तीही चर्चमधली प्रार्थना संपल्यावर, कॉफीचा कप हातात घेऊन, हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर.

"अकरा दिवस?" मी म्हटलं. "अगं, तुझ्या कुंपणाला लागून माझं कुंपण. एक हाक मारता आली नाही?"

"मला वाटलं, माझाच संच बिघडला. म्हणून तारेचं टोक खिडकीत नेऊन ठेवलं, मग फ्रिजवर. तुला कशाला त्रास द्यायचा?"

आमच्या टॅमरॅक बेंड गावची माणसं ही अशी. घराला आग लागली तरी अग्निशामक दलाला आधी विचारतील, तुम्ही जेवत तर नाही ना? मीही इथलीच, पण एकतीस वर्षं जिल्हा न्यायालयात लघुलेखिका होते. शपथ घेऊन खोटं बोलणारे इतके पाहिलेत की आता कुणी "सुप्रभात" म्हटलं तरी मी आधी खिडकीबाहेर बघते.

व्हर्नाची दृष्टी जाऊन वीस वर्षं झाली. त्याआधी ती गावोगाव पियानो सुरात लावून द्यायची. डोळे गेले, कान मात्र तसेच तिखट राहिले. तिच्याकडे जो रेडिओ होता तो साधा नव्हता. आमच्या गावच्या केंद्राचा मुख्य आवाज सगळेच ऐकतात, पण त्याच लहरीच्या डिजिटल भागात एक पोटवाहिनी आहे. भाडेकरूनं मागच्या खोलीत पोटभाडेकरू ठेवावा तशी. साध्या रेडिओवर ती लागत नाही. त्यासाठी केंद्रानं गावातल्या एक्केचाळीस अंध आणि अधू नजरेच्या माणसांना खास संच दिलेत, एकच बटण असलेले. रोज सकाळी दहाला त्यावर गावचं वर्तमानपत्र वाचलं जायचं. कोण वारलं, कुणाला कशाबद्दल दंड झाला, अंडी कुठं स्वस्त आहेत, शुक्रवारचं मासळीचं जेवण कुठल्या चर्चमध्ये आहे, सगळं.

"गेल्या महिन्यात वारलेल्या बिचाऱ्या एल्मर ड्वोराकला तर दोनदा पुरलं त्यांनी," व्हर्ना म्हणाली. "तीच मृत्युवार्ता पुन्हा वाचली. मी पॉलीनला फोन करून चिडवलं, म्हटलं आणखी किती वेळा पुरणार आहेस त्याला? आणि दुसऱ्या दिवसापासून हे असं."

पॉलीन झीबार्ट म्हणजे त्या वाचनसेवेची चालक. वाचणाऱ्या स्वयंसेवकांना गोळा करायचं, वेळा लावायच्या, सगळं तिच्याकडे.

व्हर्नानं मग कॉफीच्या टेबलाभोवती बसलेल्या, असाच संच असलेल्या सात जणांना विचारलं. सातही जणांचे संच मुके होते. सातही जणांना आपलाच संच बिघडलाय असं वाटत होतं. सातही जणांनी कुणाला त्रास दिला नव्हता.

दाराजवळच्या फलकावर एक पत्र लावलेलं होतं. डोळस लोक त्याच्यासमोरून ये-जा करत होते आणि ज्यांच्याबद्दल ते होतं त्यांना ते दिसणार नव्हतं. मी ते व्हर्नाला वाचून दाखवलं. केंद्राचा नवा व्यवस्थापक ट्रेव्हर हालबर्ग यानं लिहिलं होतं की तीन जूनच्या वादळात वीज पडून मनोऱ्याजवळचं डिजिटल यंत्र जळालं. तंत्रज्ञ ऑर्व्हिल क्रॉयट्झर यांनी फोनवरून तसं कळवलं आहे. इतक्या दिवसांत एकाही श्रोत्याची तक्रार आलेली नाही. सबब पोटवाहिनीवरची वाचनसेवा बंद करून ती जागा दुसऱ्याला देण्याचा ठराव येत्या गुरुवारी विश्वस्तांपुढे ठेवला जाईल.

व्हर्नाचा कप बशीवर वाजला.

"मार्सेला," ती हळू आवाजात म्हणाली, "ते वाचन गेलं तर मी या गावात राहणार नाही. गावाच्या शेजारी राहीन फक्त."

२

दुपारी आम्ही बेसबॉलला गेलो, कारण रविवारी आम्ही नेहमीच जातो. आमच्या गावचा संघ मस्कीज. हरण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही. व्हर्ना फलंदाजाच्या मागच्या बाकांवर बसते, खिशातला साधा छोटा रेडिओ आणि एका कानात इअरफोन. मैदानातला आवाज एका कानानं, वेंडेल रूडचं धावतं वर्णन दुसऱ्या कानानं. वीस वर्षांचा तिचा नेम आहे.

तिसऱ्या डावात टोला बसला. लोक ओरडले. चेंडू उंच गेला, उजवीकडच्या पोरानं झेल सोडला, लोक पुन्हा ओरडले, या वेळी शिव्या.

"काय झालं?" व्हर्नानं विचारलं.

"झेल सोडला मेल्यानं."

"केव्हा?"

"आत्ताच की!"

"मग वेंडेल अजून फलंदाज पाय रोवून उभा आहे असं का सांगतोय?"

पुढच्या टोल्याला ती गुडघ्यावर बोटांनी ताल धरून मोजत बसली. पियानोच्या तारा लावायची तसं, ओठ घट्ट मिटून. त्याच्या पुढच्यालाही तसंच मोजलं. तिसऱ्यांदा मोजल्यावर तिनं कानातला इअरफोन काढला.

"आठ सेकंद. दर वेळी आठ."

"मग? उशिरा येतंय, इतकंच ना?"

"नीट ऐक. हे ऑर्व्हिलनं मला एकदा समजावलं होतं. डिजिटल आवाज बांधून पाठवायला यंत्राला आठ सेकंद लागतात. दोन्ही आवाज जुळावेत म्हणून साधा आवाजही तितकाच रोखून धरतात. घरी बसून काही कळत नाही. पण मैदानात रेडिओ लावून बसलेल्यांचं डोकं फिरतं, म्हणून सामन्याच्या वेळी वेंडेल एक बटण दाबतो आणि ती रोखणूक निघते. गेली कित्येक वर्षं तो न चुकता दाबतोय."

"आज विसरला असेल."

"विसरू दे. पण ती रोखणूक होते कुठं? त्या डिजिटल यंत्राच्याच पोटात. यंत्र जळून कोळसा झालं असतं, तर हे आठ सेकंद आले कुठून?"

माझ्या हातातलं खाऱ्या शेंगदाण्यांचं पुडकं तसंच राहिलं.

"यंत्र जळालेलं नाही, मार्सेला. धडधाकट चालू आहे. कुणीतरी खोटं बोलतंय."

३

वेंडेल सामन्यानंतर सॉसेजच्या गाड्यापाशी सापडला. वय सत्तर, पोट पुढं, आवाज अजून पंचविशीचा. मी त्याच्याकडे बघतानाच ठरवलं होतं की हाच असणार. ज्याच्या हाताखाली बटण, त्याच्यावर पहिला संशय.

"काय पोरींनो, हरलो पुन्हा!" तो म्हणाला. आम्हा दोघींचं मिळून वय दीडशेच्या आसपास.

"वेंडेल, आज ते सामन्याचं बटण दाबलंस का?" व्हर्नानं सरळच विचारलं.

"कशाला दाबू? ट्रेव्हरनं सांगितलं यंत्र गेलं म्हणून. मेलेल्या घोड्याला लगाम कशाला घालू?" मग तो थबकला. त्याच्या तोंडातला घास तसाच राहिला. "थांब. उशीर होता? आठ सेकंदांचा? अरे देवा! म्हणजे मागच्या रांगेतले ते लोक म्हणूनच माझ्या नावानं ओरडत होते! मला वाटलं, कौतुक करतायत."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "फार भोळा चेहरा करत होता. मला पटत नाही."

"चेहरा मला दिसत नाही, बरंच आहे," व्हर्ना म्हणाली. "पण सगळ्या केंद्रात त्या एकट्याला मी सोडून देते. यंत्र चालू आहे हे वेंडेलला ठाऊक असतं, तर त्यानं बटण दाबलंच असतं. खोटं लपवायला म्हणून नव्हे, सवयीनं. नाही दाबलं, म्हणजे ते खोटं त्यानं मनापासून गिळलं होतं."

"मग ट्रेव्हर."

"ट्रेव्हरला कुणी सांगितलं?"

न्यायालयात याला ऐकीव पुरावा म्हणतात. यानं त्याचं ऐकलं, त्यानं तिचं ऐकलं, आणि कागदावर मात्र असं उतरतं की जणू सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पत्राप्रमाणे मूळ बोल होता तंत्रज्ञ ऑर्व्हिलचा. सोमवारी सकाळी आम्ही त्याच्या दारात उभ्या राहिलो.

४

दार त्याच्या बायकोनं, लव्होननं उघडलं. हात स्ट्रॉबेरीच्या रसानं लाल. आम्हाला बसवून तिनं पुन्हा देठं खुडायला घेतली, आम्हालाही एकेक सुरी दिली. इथं बोलायचं तर हात रिकामे ठेवून चालत नाही.

"ऑर्व्हिल कुठाय?" मी विचारलं.

"कॅनडात. तळ्यावर, मासे धरतोय."

"केव्हापासून?"

"एक तारखेला गेला, रविवारी पहाटे. वीस तारखेला येईल. का गं?"

मी सुरी खाली ठेवली. वादळ झालं मंगळवारी, तीन तारखेला.

"फोन तर करत असेल," व्हर्ना म्हणाली.

लव्होन खदाखदा हसली. "फोन? अगं तिथं फोन लागत नाही म्हणून तर तो तिथं जातो. बेचाळीस वर्षांच्या संसारात दर जूनला मला वीस दिवस शांतता मिळते. मेला की जगला ते वीस तारखेलाच कळतं."

"वादळानंतर केंद्रातून कुणी त्याला विचारायला आलं होतं?"

"कुणीही नाही. आणि मी स्वतःहून विचारलं नाही. त्यांना काम असतं, उगाच कशाला त्रास?"

बाहेर आल्यावर मला राहवेना. "म्हणजे यंत्र जळालं नाही, आणि ते जळालं असं सांगणारा माणूस गावातच नव्हता! पत्रातला तो फोन कधी झालाच नाही!"

"हो," व्हर्ना म्हणाली. तिची काठी पायरीवर दोनदा वाजली. "आणि तो फोन ज्यानं मनानं रचला, तोच आपल्याला हवाय."

५

ट्रेव्हर हालबर्ग चाळिशीतला, दात फार पांढरे. दोन वर्षांपूर्वी शहरातून आला. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"मिसेस टॉलफसन, मला वाईट वाटतं. खरंच. पण तुम्हीच सांगा, इतके दिवस वाहिनी बंद आणि एक फोन नाही. मी विश्वस्तांना काय दाखवू?"

"ऑर्व्हिलचा फोन किती वाजता आला तुम्हाला?" मी विचारलं. हा प्रश्न मी आयुष्यभर वकिलांच्या तोंडून टिपून घेतला, स्वतः विचारायची ही पहिलीच वेळ.

"मला नाही आला. पॉलीनला आला. चार तारखेला सकाळी तिनं मला सांगितलं."

किती सोयीचं, मी मनात म्हटलं. नाव घ्यायचं तर अशा बाईचं घ्यायचं की जिच्यावर गावातलं कुत्रंही भुंकणार नाही.

"आणि ती जागा कुणाला द्यायची ठरवलीय?" व्हर्नानं विचारलं.

त्यानं काही लपवलं नाही, उलट खुलून सांगू लागला. बाहेरगावची एक कंपनी आहे. ती ही पोटवाहिनी घेणार, खाणीच्या टेकडीवर छोटा मनोरा लावणार आणि तिथून साध्या रेडिओवरही ती ऐकू जाणार. दिवसभर गाणी. "म्हणजे बघा, नवा परवाना न घेता गावाला एक आख्खी नवी वाहिनी! या पोटवाहिन्यांना सोन्याचं मोल आलंय आता. आणि तुमच्याकडे काय होतं तिच्यावर? अंड्यांचे भाव." त्यानं उसासा सोडला. "पण ते यंत्र जळालं आणि माझं गाडं अडलं. कंपनी म्हणते, आधी यंत्र दुरुस्त करा, मग बोलू. दोन आठवडे डोक्याला ताप झालाय."

मी उठले. "तुमची गाडी नवी आहे ना? तिच्यात डिजिटल रेडिओ असेल."

"असेल. मी फोनवरच ऐकतो सगळं."

रेडिओ केंद्राचा हा व्यवस्थापक, आणि स्वतः रेडिओ ऐकत नाही! मी त्याला अक्षरशः हाताला धरून वाहनतळावर नेलं. त्यानं आमचं केंद्र लावलं. पडद्यावर क्षणभर काही नव्हतं, मग कोपऱ्यात डिजिटलचं निळं चिन्ह उजळलं आणि तसंच राहिलं.

ट्रेव्हरचं तोंड उघडंच राहिलं. असं उघडं तोंड मी न्यायालयात दोन-तीनदाच पाहिलंय. ते नाटक नव्हतं.

"चालू आहे?" तो म्हणाला. "यंत्र चालू आहे?" आणि मग हळूहळू त्याचे ते पांढरे दात दिसायला लागले. "अहो, तुम्ही तर माझं कामच केलंत! म्हणजे आता काहीच अडचण नाही. गुरुवारीच ठराव करून टाकू!"

व्हर्नाची बोटं माझ्या कोपरावर रुतली. आम्ही खोटं उघडं पाडायला गेलो आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

६

"चोर तोच," ट्रेव्हर आत वळताच मी वाहनतळातच म्हटलं. "बघितलंस ना, किती खूश झाला!"

"म्हणूनच तो नव्हे," व्हर्ना म्हणाली. "विचार कर. कंपनीला चालू यंत्र हवंय. यंत्र जळालं या बातमीनं सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं झालं? ट्रेव्हरचं. त्याला वाचन बंदच पाडायचं असतं तर वाचणारे मिळत नाहीत, ऐकणारे मिळत नाहीत, काहीही म्हणाला असता. पण यंत्र मेलं असं तो कधीच म्हणाला नसता. घर विकायला काढलेला माणूस घराला वाळवी लागलीय असं स्वतःहून सांगत नाही."

"मग राहिलं कोण?"

काठी टेकत व्हर्ना पुन्हा इमारतीत शिरली आणि मागच्या बाजूला, वाचनाच्या खोलीकडे चालू लागली.

पॉलीन आतच होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि लगेच लिंबाच्या वड्यांचा डबा उघडला. लहानखुरी बाई, केस पिंजारलेले, स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. मी वडी घेतली. व्हर्नानं घेतली नाही. ती हातानं चाचपत खोलीभर फिरत होती. खुर्च्या एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवलेल्या होत्या. एकच तेवढी टेबलापाशी होती. चार मायक्रोफोन होते, चारांवर स्पंजाच्या टोप्या. व्हर्नानं एकेक टोपी दोन बोटांत दाबून पाहिली. तीन टोप्यांवरची धूळ तिच्या बोटांना लागली.

"पॉलीन," ती म्हणाली, "वाचायला किती जण येतात आता?"

"येतात की. आधी तीस होते, आता थोडे कमी—"

"किती?"

पॉलीननं डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "आयर्माला दिसेनासं झालं. तिचा तर आता ऐकणाऱ्यांतच संच आहे. स्टॅन मुलाकडे ॲरिझोनाला गेला. बाकीचे थकले, गेले. शेवटी मी एकटीच वाचत होते. पण माझा नवरा रुडी घरात एकटा राहू शकत नाही गं आता. परवा गॅस चालू ठेवून बाहेर गेला. मला माझंच नाव विचारतो. रोज दोन तास मी कुठून काढू? म्हणून मी जुनी ध्वनिमुद्रणं लावायला लागले. अधूनमधून. मग रोजच. वाटलं, उद्या कुणीतरी येईल वाचायला, आजचा दिवस निघू दे."

"म्हणून एल्मर दोनदा मेला."

"आणि मग तुझा फोन आला." पॉलीनचा आवाज फाटला. "तू हसत होतीस. मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू सभ्यपणानं सांगतेयस. दृष्टी नसलेल्या माणसांना मी शिळं वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, व्हर्ना! त्यांना तारीख दिसत नाही याचा फायदा घेत होते. लाज वाटली मला. त्या संध्याकाळी वादळ झालं आणि दुसऱ्या दिवशी मी ट्रेव्हरला म्हटलं की यंत्र जळालं, ऑर्व्हिलनं सांगितलं. आमच्या वाहिनीचं बटण मी स्वतः बंद केलं. ऑर्व्हिल येईपर्यंत काहीतरी सुचेल असं वाटलं."

मला फार राग यायला हवा होता. आला नाही. त्या चुकलेल्या बटणांकडे बघून कुणाला येईल? व्हर्ना तर खुर्चीत बसूनच गेली होती.

"मी खरंच नुसतं चिडवत होते गं," ती म्हणाली. "मला काहीही कळलं नव्हतं. पॉलीन, तू माणसं मागितली का नाहीस? मार्सेला तर रिकामीच असते दिवसभर. चर्चमध्ये एक शब्द टाकला असतास तर—"

पॉलीन डोळे पुसत म्हणाली, "लोकांना कशाला त्रास द्यायचा?"

व्हर्नानं हात पुढं केला आणि लिंबाची वडी मागून घेतली.

"गुरुवारी विश्वस्त किती वाजता जमतात?"

"दहाला."

"आपल्या वाचनाच्याच वेळेला. छान. मार्सेला, तुला स्वयंपाक येतो?"

"नाही, आणि तुला ते माहीत आहे."

"आणखी छान," व्हर्ना म्हणाली.

७

गुरुवारी सात विश्वस्त टेबलाभोवती बसले होते. अध्यक्ष आर्डिस लुंड, निवृत्त दंतवैद्य. तिच्यापुढे बोलताना अजूनही गावाची दातखीळ बसते. पॉलीन स्वतः उठून उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. मी पुष्कळ कबुल्या टिपून घेतल्यात, इतकी नीट कबुली क्वचितच ऐकली.

मग ट्रेव्हर म्हणाला, "पॉलीन, मला तुझा राग नाही. पण मुद्दा उरतोच. आज सोळावा दिवस. ही वाहिनी खरोखर बंद होती आणि एकाही माणसाला ती गेल्याचं दुःख झालं नाही. एक तक्रार नाही. जी गोष्ट कुणी ऐकतच नाही ती का चालवायची?"

विश्वस्तांनी माना हलवल्या. त्याचं म्हणणं कागदावर बिनतोड होतं.

"तक्रार आमच्या गावात कुणी करत नसतं," व्हर्ना म्हणाली. "तुम्ही नवे आहात. मला फक्त दहा मिनिटं द्या. वाहिनी चालू करा आणि मार्सेलाला वाचू द्या."

"सोळा दिवस बंद असलेला रेडिओ आज कोण लावून बसेल?" ट्रेव्हरनं विचारलं.

"मी रोज दहाला लावते. न जाणो म्हणून. मी लावते तर इतरही लावत असतील." पण तिला खात्री नव्हती, हे तिच्या आवाजावरून मला कळलं.

विश्वस्तांच्या खोलीत ध्वनिवर्धक जोडला. मी वाचनाच्या खोलीत बसले, पॉलीन माझ्या शेजारी टेलिफोनपाशी. तिनं बटण वर केलं. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं, माझा आवाज कुणी कधी ऐकलाच नव्हता.

"आज गुरुवार, एकोणीस जून," मी वाचलं. हवामान वाचलं. अंड्यांचा भाव वाचला, आजचा. मासळीचं जेवण सेंट ओलाफ चर्चच्या तळघरात, तेही वाचलं. मग व्हर्नानं दिलेला कागद उलगडला.

"आता रुबार्बच्या केकची कृती. चार कप रुबार्बची चिरलेली आंबट देठं. दोन कप मैदा. दोन अंडी. दीड कप मीठ—"

पॉलीननं माझ्याकडे दचकून पाहिलं. तिला हे आम्ही सांगितलं नव्हतं. मी तिला हातानं थांबवलं आणि तेच पुन्हा सावकाश वाचलं. "दीड कप मीठ. नीट चाळून घ्यावं."

मग मी थांबले. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज तेवढा येत होता. काचेपलीकडे विश्वस्त बसलेले दिसत होते. ट्रेव्हर हाताची घडी घालून उभा होता, व्हर्ना ताठ, मान किंचित वाकडी. मला दिसत होतं की ती गुडघ्यावर बोटांनी मोजतेय. माझा आवाज लोकांपर्यंत पोचायलाच आठ सेकंद लागणार होते. आठ झाले. पंधरा झाले. तीस. आर्डिसनं चष्मा काढून कागद आवरायला घेतले.

टेलिफोन वाजला.

पॉलीननं उचलला, आणि घाईत ध्वनिवर्धकाचं बटणही दाबलं गेलं. त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू आलं.

"तुम्हाला त्रास देत नाही ना?" एक म्हातारा आवाज म्हणाला. "तुम्ही कामात असाल. पण ते मीठ नव्हे हो. साखर असेल. दीड कप मिठानं माणूस मरायचा."

तो फोन ठेवला तोच दुसरा वाजला. "माफ करा, चूक काढायची म्हणून नाही, पण…" तिसरा एका पुरुषाचा. त्याची बायको मागून ओरडत होती की मैदाही कमी आहे. चौथ्या बाईनं आपल्या आईची आख्खी कृतीच सांगितली, पॉलीनला ती लिहून घ्यायला लावली. काचेपलीकडे ट्रेव्हरच्या हातांची घडी सुटली होती. आर्डिस लुंडनं ठरावाचा कागद दुमडून पर्समध्ये टाकला आणि जवळची खुर्ची ओढून ट्रेव्हरला बस म्हणाली. जेवणाच्या वेळेपर्यंत बत्तीस फोन आले. एक्केचाळीस संचांपैकी बत्तीस.

त्यातला सहावा की सातवा फोन मला विसरता येत नाही. त्या बाईनं साखरेचं सांगितलं. पॉलीन धन्यवाद म्हणून फोन ठेवणार, इतक्यात तिकडून आवाज आला.

"पॉलीन? तूच ना गं ही?"

"हो."

"बाई गं. आम्हाला वाटलं तू आजारी पडलीस. मी रोज दहाला रेडिओ लावायचे आणि म्हणायचे, आज तरी पॉलीन येऊ दे. फोन करावासा फार वाटत होता, पण तुला कशाला त्रास म्हणून…"

मी पॉलीनचा हात धरला. काचेपलीकडून व्हर्ना उठून आमच्या दिशेनं चाचपडत येत होती.

"देत जा," पॉलीन म्हणाली. "देत जा गं मला त्रास."